दामलेमामांची शाळा

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी पेण सोडते, कासू आणि नागोठणे ही स्थानके घेते आणि भातखाचरांमधून पुढे निघून जाते. पेण म्हटले की गणेशमूर्ती आठवतात, पोहे-पापड आठवतात. मात्र ‘संत तुकाराम’ या चित्रपटाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक याच पेणचा, हे अनेकांच्या ध्यानात नसते. विष्णुपंत गोविंद दामले यांचा जन्म १४ ऑक्टोबर १८९२ रोजी पेण येथे झाला. त्या वेळी हा मुलूख कुलाबा जिल्हा म्हणून ओळखला जात होता; रायगड हे नाव जिल्ह्याला १९८१ मध्ये मिळाले.

दामले यांचे नाव मराठी चित्रपटाच्या इतिहासात बहुधा जोडनावाने येते. दामले-फत्तेलाल, किंवा ‘प्रभात’चे भागीदार दामले. व्ही. शांताराम यांच्या तेजस्वी कारकिर्दीच्या छायेत ते काहीसे झाकोळलेही गेले. तरीही चित्रपटाचे तंत्र आणि धंदा या देशात माणसे कशी शिकली, हे समजून घ्यायचे असेल तर दामले यांच्या आयुष्याइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे. चित्रपट शिकवणारी एकही संस्था देशात नव्हती तेव्हा ते हा व्यवसाय शिकले. आणि ज्या स्टुडिओच्या उभारणीत त्यांचा वाटा होता, त्याच जागेवर पुढे देशाची चित्रपट शिक्षण संस्था उभी राहिली.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली, तेव्हा दामले चार वर्षांचेही झाले नव्हते. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, तेव्हा ते विशीत होते. त्याआधी १९१२ मध्ये फाळके कर्ज काढून लंडनला गेले, तेथील स्टुडिओ पाहिला, कॅमेरा विकत घेतला आणि दोन महिन्यांत परतले. चित्रपट शिकण्याचा तो एक मार्ग होता. ज्यांना विलायतेचा प्रवास परवडणारा नव्हता, त्यांना दुसरा मार्ग शोधणे भाग होते. दामले यांना तो कोल्हापुरात सापडला.

छत्रपती शाहू महाराजांच्या काळातील कोल्हापूर ही कलावंतांची नगरी होती. आनंदराव मेस्त्री आणि बाबूराव मेस्त्री हे चुलतभाऊ तेथे नाटक मंडळ्यांसाठी पडदे रंगवत असत. त्यांच्या कामाचा लौकिक एवढा, की पेंटर हेच त्यांचे आडनाव होऊन बसले. संगीत नाटकाच्या त्या वैभवाच्या दिवसांत राजवाडा, अरण्य, नदीकाठ, देऊळ असे भव्य पडदे म्हणजे प्रेक्षकांचे मोठे आकर्षण असे. दामले आनंदरावांच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. कागल येथे १८८६ मध्ये जन्मलेले शेख फत्तेलाल हेही तेथेच शिकत होते. कोकणातला ब्राह्मण आणि कागलचा मुसलमान अशी ही जोडी तेथे जमली, ती अखेरपर्यंत टिकली. पुढे चित्रपटसृष्टीने एकाला दामलेमामा आणि दुसऱ्याला साहेबमामा म्हटले.

पडदे रंगवण्याचे काम वरवर पाहता चित्रपटापासून दूरचे वाटते. प्रत्यक्षात तीच त्यांची पहिली इयत्ता होती. सपाट कापडावर खोली कशी दाखवायची, दिव्यांच्या उजेडात कोणता रंग फिका पडतो, शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकाला काय दिसते, हे त्या कामात शिकावेच लागते. लाकूडकाम, दोऱ्या, कप्प्या यांचा हिशेबही त्यातच येतो. आनंदरावांना हलत्या चित्रांचे वेड लागले होते, पण १९१६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे अधुरे स्वप्न बाबूरावांनी आपले मानले.

बाबूरावांचे औपचारिक शिक्षण फारसे झालेले नव्हते. कॅमेरा मिळत नाही तर तो आपणच करावा, असा निश्चय त्यांनी केला आणि दामले त्या खटाटोपात त्यांचे सहकारी झाले. हे काम किती अवघड होते, हे त्या यंत्राची रीत पाहिली की कळते. फिल्म सलग धावून चालत नाही. प्रत्येक चित्रासाठी ती क्षणभर थांबली पाहिजे, तेवढ्यात झडप उघडून मिटली पाहिजे आणि लगेच फिल्म पुढे सरकली पाहिजे. मूकपटाच्या काळात हे दर सेकंदाला साधारण सोळा वेळा घडावे लागे आणि तेही हाताने मूठ फिरवून. दातेरी चाकात केसभर फरक पडला तरी पडद्यावर चित्र थरथरते. कोल्हापूरच्या या मंडळींनी ते यंत्र घडवले. ज्याने यंत्र स्वतः घडवले, त्याला ते बिघडल्यावर दुसऱ्याची वाट पाहावी लागत नाही. दामले यांच्या पुढच्या साऱ्या आयुष्याला हा धडा पुरला.

१९१७ च्या अखेरीस महाराष्ट्र फिल्म कंपनीची स्थापना झाली. गायिका तानीबाई कागलकर यांनी तिला भांडवल पुरवले. कंपनीचा पहिला मोठा मूकपट ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरमध्ये लागला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली, ती याच चित्रपटानंतर.

महाराष्ट्र फिल्म कंपनी ही नावाने कंपनी होती, पण व्यवहारात ते गुरुकुलच होते. तेथे वर्ग भरत नसत, व्याख्याने होत नसत. सेट रंगवणारा गरज पडली की कॅमेऱ्यामागे उभा राही, अंधाऱ्या खोलीत फिल्म धुणारा दुसऱ्या दिवशी दाढीमिशी लावून शिपायाच्या वेशात दिसे. १९२० मध्ये शांताराम वणकुद्रे नावाचा तरुण तेथे पडेल ते काम करण्यासाठी दाखल झाला. हेच पुढचे व्ही. शांताराम. केशवराव धायबरही तेथेच घडले. नेपथ्य, छायालेखन, रसायनशाळा अशा निरनिराळ्या बाजू दामले आणि फत्तेलाल यांनी तेथे हाताळल्या. १९२८ च्या ‘महारथी कर्ण’ या मूकपटाचे दिग्दर्शन त्या दोघांनी मिळून केले. पडद्यांच्या कामापासून धरले तर उमेदवारीला दशकाहून अधिक काळ लोटला होता.

एवढ्या वर्षांत त्यांनी तंत्र आत्मसात केले. राहिला होता तो धंदा. बाबूराव पेंटर हे थोर कलावंत होते. मनासारखे चित्र उमटेपर्यंत वेळ आणि पैसा यांची पर्वा करावी, असा त्यांचा पिंड नव्हता. मूकपटाचा धंदा तर वाढत चालला होता. चित्रपट ठरलेल्या मुदतीत पूर्ण व्हावा लागे, वितरकाला प्रती वेळेवर द्याव्या लागत, कामगारांचे पगार महिन्याच्या महिन्याला भागवावे लागत. गुरूविषयी आदर असूनही शिष्यांना आपला मार्ग वेगळा करावासा वाटू लागला. १९२९ मध्ये शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर कंपनीतून बाहेर पडले. भांडवलाचा प्रश्न कोल्हापूरचे सराफ सीतारामपंत कुलकर्णी यांनी सोडवला. १ जून १९२९ रोजी या पाच भागीदारांनी प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली.

पाच भागीदारांची रचना विचारपूर्वक केलेली दिसते. शांताराम यांच्याकडे दिग्दर्शन, धायबर यांच्याकडे छायालेखन, फत्तेलाल यांच्याकडे कलादिग्दर्शन, दामले यांच्याकडे यांत्रिक बाजू आणि कुलकर्णी यांच्याकडे पैशाचे व्यवहार. चित्रपटाला लागणारे प्रत्येक महत्त्वाचे अंग एकेका मालकाच्या हाती होते. बाहेरून माणूस आणून त्याच्यावर अवलंबून राहण्याची गरज कमी, म्हणून खर्च आटोक्यात आणि दर्जाही हातात. ‘गोपालकृष्ण’पासून सुरुवात करून ‘प्रभात’ने अल्पावधीत सहा मूकपट काढले आणि आपले पाय रोवले.

तेवढ्यात पायाखालची जमीनच हलली. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला आणि चित्रपट बोलू लागला. मूकपटांच्या कित्येक कंपन्या या बदलात बुडाल्या. आवाज मुद्रित करण्याचे शास्त्र येथे कोणालाच अवगत नव्हते. काहींनी यंत्राबरोबर परदेशी तंत्रज्ञही आणला. ‘प्रभात’मध्ये ही जबाबदारी दामले यांच्यावर आली. चाळिशीला आलेला, पडदे रंगवण्यापासून सुरुवात केलेला हा गृहस्थ पुन्हा विद्यार्थी झाला.

शिकायचे तरी काय काय होते? बोलपटाच्या फिल्मवर चित्राशेजारी एक अरुंद पट्टी असते. मायक्रोफोनने टिपलेल्या आवाजाचे विजेच्या लहरींत आणि त्या लहरींचे प्रकाशाच्या कमीजास्तपणात रूपांतर होते आणि तो प्रकाश त्या पट्टीवर उमटतो. फिल्मचा वेग आता सोळाऐवजी चोवीस चित्रांचा आणि तोही अगदी एकसारखा लागतो. हाताने मूठ फिरवणे संपले, मोटार आली. कॅमेऱ्याची घरघर मुद्रणात येऊन चालत नाही. नट हलला की मायक्रोफोनही हलवावा लागतो, पण तो चित्रात दिसता कामा नये. गाणी चित्रीकरणाच्या वेळीच गायली जात, म्हणून वादकांना पडद्याआड किंवा झाडाआड बसवावे लागे. आवाज नीट आला की नाही, हे फिल्म धुऊन झाल्याखेरीज कळत नसे. चुकले तर सारा दिवस आणि सारी फिल्म वाया.

६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘अयोध्येचा राजा’ प्रदर्शित झाला. तो पहिला मराठी बोलपट मानला जातो. ध्वनिमुद्रण दामले यांचे होते. दुर्गा खोटे आणि गोविंदराव टेंबे यांच्या भूमिका होत्या. चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत तयार केला होता. सेट तोच, वेश तेच, बहुतेक नटही तेच. एक दृश्य मराठीत झाले की तेच हिंदीत. मराठी प्रेक्षकांची संख्या मर्यादित, म्हणून एका खर्चात दोन बाजारपेठा मिळवण्याचा हा हिशेब होता. ‘प्रभात’ने तो पुढे अनेक वर्षे सांभाळला.

सारे प्रयोग यशस्वी झाले असे नाही. १९३३ चा ‘सैरंध्री’ रंगीत करण्याचा घाट घातला गेला. प्रती जर्मनीत तयार करून घेतल्या, पण रंग अपेक्षेप्रमाणे उतरले नाहीत आणि कंपनीला ठोकर बसली. जे काम आपल्या देखरेखीबाहेर जाते त्याची हमी कोणी देऊ शकत नाही, हे त्या अनुभवाने दाखवून दिले.

त्याच सुमारास कंपनीने कोल्हापूर सोडून पुण्याला यायचे ठरवले. मुंबईची बाजारपेठ जवळ आणि मोकळी जागा मुबलक, हे पुण्याचे लाभ होते. एरंडवण्यात नवा स्टुडिओ उभा राहिला आणि १९३४ मध्ये ‘अमृतमंथन’ तेथून बाहेर पडला. भव्य चित्रीकरणगृह, रसायनशाळा, ध्वनिमुद्रणाची व्यवस्था, सुतारशाळा, कपडेपट असे सारे एका आवारात होते. माणसे महिन्याच्या पगारावर होती. पहाटेच्या प्रकाशात तुतारी फुंकणारी स्त्री हे ‘प्रभात’चे बोधचिन्ह देशभर ओळखीचे झाले.

दामले आणि फत्तेलाल यांच्या हातून घडलेली सर्वांत मोठी कलाकृती याच आवारातली. ‘संत तुकाराम’चे कथानक शिवराम वाशीकर यांचे, गीते शांताराम आठवले यांची, संगीत केशवराव भोळे यांचे. तुकारामांच्या भूमिकेसाठी विष्णुपंत पागनीस यांची निवड झाली. पागनीस यांनी रंगभूमीवर स्त्रीभूमिका केल्या होत्या. त्यांच्या मृदू देहबोलीविषयी शंका घेता आली असती, पण तीच मृदुता तुकारामांच्या भक्तीला साजून दिसली. जिजाईच्या भूमिकेत गौरी होत्या. स्टुडिओत साधी कामे करता करता छोट्या भूमिकांपर्यंत आलेल्या या बाईंनी साकारलेली करारी, कष्टाळू, नवऱ्यावर चिडणारी आणि त्याच्यावर जीव टाकणारी जिजाई मराठी प्रेक्षक विसरले नाहीत. आजारी मुलाला फरफटत देवळात नेऊन विठोबावर पायताण उगारणारी ती आई पाहताना ती नटी आहे हे ध्यानातही येत नाही.

या चित्रपटात चमत्कार आहेत, पण ते दाखवताना दिग्दर्शकांनी घरातली चूल, जाते, गोठा आणि रिकामे डबे यांना तेवढेच महत्त्व दिले. तुकाराम वैकुंठाला निघतात आणि जिजाई घरच्या स्वयंपाकात असते. पडद्यावर देव आणि प्रपंच एकाच वेळी खरे वाटावेत, यासाठी जी नजर लागते ती पोथ्यांतून येत नाही. वर्षानुवर्षे नाटकाचे पडदे रंगवून, साध्या माणसांबरोबर काम करून ती कमावलेली होती. आठवले यांनी चित्रपटासाठी रचलेले एक गीत तर लोकांनी तुकारामांचाच अभंग समजून स्वीकारले.

१२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईच्या सेंट्रल सिनेमात हा चित्रपट लागला आणि तेथे तो ५७ आठवडे चालला. दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात त्याचा गौरव झाला आणि जगातील तीन उत्कृष्ट चित्रपटांत त्याची गणना झाली. पुढे या जोडीने १९३८ मध्ये ‘गोपालकृष्ण’ आणि १९४० मध्ये ‘संत ज्ञानेश्वर’ दिग्दर्शित केले. चालणारी भिंत आणि वेद म्हणणारा रेडा ही ‘संत ज्ञानेश्वर’मधील दृश्ये म्हणजे तंत्राची कसोटीच होती. १९४१ च्या ‘संत सखू’च्या दिग्दर्शनात राजा नेने हेही त्यांच्याबरोबर होते. हाताखाली तयार झालेल्या माणसाला बरोबरीने उभे करायचे, ही कोल्हापुरातील गुरुकुलाची रीत पुण्यातही पाळली गेली.

मात्र या शिक्षणपद्धतीत एक उणीव होती, आणि ती ‘प्रभात’लाच भोवली. सारे ज्ञान माणसांच्या हातात होते आणि माणसे एकमेकांच्या विश्वासावर एकत्र होती. विश्वास ढळला की ज्ञानही विखुरणार, हे उघड होते. धायबर आधीच बाहेर पडले होते. मतभेद वाढत गेले आणि १९४२ मध्ये शांतारामही वेगळे झाले. त्यांनी मुंबईत राजकमल कलामंदिर उभारले. तेरा वर्षांपूर्वी शिष्य गुरूला सोडून गेले होते. आता सोबतीच सोबत्यांना सोडून गेला. महायुद्धामुळे कच्च्या फिल्मची टंचाई होती, खर्च वाढले होते, प्रकृती साथ देत नव्हती. अशा दिवसांत दामले यांनी राहिलेल्या भागीदारांसह कंपनीचा गाडा ओढला. गजानन जागीरदार यांची प्रमुख भूमिका असलेला ‘रामशास्त्री’ १९४४ मध्ये आला आणि ‘प्रभात’ची प्रतिष्ठा काही काळ पुन्हा उजळली. अल्मोड्याला उदय शंकर यांच्याकडे नृत्य शिकलेला गुरुदत्त नावाचा तरुण त्याच वर्षी नोकरीसाठी ‘प्रभात’मध्ये दाखल झाला आणि चित्रपटाची बाराखडी तेथे गिरवू लागला.

५ जुलै १९४५ रोजी पुण्यात दामले यांचे निधन झाले. वयाची त्रेपन्न वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. त्यांच्यानंतर कंपनी फार काळ तग धरू शकली नाही. १९५० च्या दशकाच्या आरंभी ‘प्रभात’चे काम थांबले आणि एरंडवण्यातले ते आवार सुने झाले.

१९६० मध्ये भारत सरकारने त्याच आवारात चित्रपट शिक्षण संस्था सुरू केली. ‘प्रभात’मध्ये काम केलेले गजानन जागीरदार तिचे पहिले प्रमुख झाले. जेथे फत्तेलाल यांनी देहूचा देखावा उभा केला, तेथे देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली मुले छायालेखन, ध्वनिमुद्रण, संकलन आणि दिग्दर्शन शिकू लागली. ‘प्रभात’चे जुने चित्रीकरणगृह विद्यार्थ्यांच्या उपयोगी पडले. १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यातच स्थापन झाले आणि १९७० च्या दशकापासून चित्रपट रसास्वादाचे उन्हाळी वर्ग भरू लागले. जे ज्ञान मिळवण्यासाठी दामले यांना पडदे रंगवावे लागले, यंत्र घडवावे लागले, चुका करून फिल्म वाया घालवावी लागली, ते आता अभ्यासक्रमात, व्याख्यानांत आणि कार्यशाळांत मिळते.

एवढे होऊनही मागे राहिलेला ठेवा नाजूक आहे. ‘महारथी कर्ण’सारखे मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील जुन्या ‘प्रभात’ आवारातील फिल्मच्या कोठीला आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिल्मचा मोठा साठा भस्मसात झाला. शांताराम यांनी आत्मचरित्र लिहिले, शांताराम आठवले यांनी ‘प्रभात’च्या दिवसांवर पुस्तक लिहिले. दामले यांची ओळख मुख्यतः त्यांच्या चित्रपटांतूनच करून घ्यावी लागते. ‘संत तुकाराम’ सुदैवाने शाबूत आहे. त्यात पागनीस गाऊ लागतात, तेव्हा मागे टाळ वाजत असतात, जिजाईच्या हातातली भांडी आपटत असतात, पण शब्द मात्र एकही हरवत नाही. पेणच्या दामले यांनी चाळिशीत शिकून घेतलेली विद्या तिथे आजही ऐकू येते.